दोराचे पोट

बटण काजात शिरले आहे की कडेलाच अडून बसले आहे, हे बोटांना सांगता येईना. तेव्हा मान खाली घालून त्याने डोळ्यांनी पाहिले — शिरले नव्हते. पांढरे, चार भोकांचे, एका अंगाने झिजलेले साधे बटण. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे काजाच्या मागे टेकलेली होती. होती म्हणजे तशी दिसत होती. पण बटणाचा गारवा, त्याची कड, मधल्या दोऱ्याचा उंचवटा यांपैकी काहीही त्या बोटांकडून वर येत नव्हते. फोन लागतो, पलीकडे घंटा वाजत राहते आणि कुणी उचलत नाही, तसे. शेवटी उजव्या हाताने त्याने बटण ढकलले आणि आपले आपणच म्हणाला, "झालं." बायको गेल्यापासून कामे संपल्याची ग्वाही अशी मोठ्याने देण्याची सवय त्याला लागली होती — गॅस बंद, झालं, खिडकी लावली, झालं…

खाली लंबूच्या गाडीचा भोंगा वाजला. लंबू एकदाच वाजवतो. आयुष्यभर जमिनींची मोजणी केलेला माणूस. एकदा मोजले की पुन्हा मोजणे त्याला अपमानाचे वाटते.

गाडीत मागच्या बाजूला कंपाउंडर दोन माणसांची जागा व्यापून बसला होता. औषधांच्या दुकानातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी त्याच्या अंगाला अजून त्या दुकानाचा वास येतो, असे बाई म्हणत. बाई, म्हणजे शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, पुढे बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या गुडघ्यावर तपकिरी पट्टा आवळलेला होता.

"या गेजसाहेब, या," कंपाउंडर म्हणाला. "तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. मोजून घ्या, कमी पडली तर तक्रार करा."

"जागा आहे. तूच जास्त आहेस," तो म्हणाला, आणि तिघेही हसले, आणि हे हसणे त्याच्या अंगावर उन्हासारखे पडले. चार आठवडे याचीच वाट पाहिली होती, असे काही त्याने स्वतःलाही सांगितले नसते.

गेज हे नाव त्याला कारखान्यामुळे पडले होते. पंपांच्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता. भोकाचे माप बरोबर आहे की नाही हे पाहायला तिथे एक पोलादी दांडी असे — तिचे एक टोक भोकात जायलाच हवे, दुसरे जाता कामा नये. वादाला जागा नाही. ती दांडी तो खिशात बाळगी, आणि नव्या ओळखीच्या माणसाकडेही त्याच नजरेने पाही, असा बाईंचा आरोप होता. निवृत्तीच्या दिवशी दांडी परत करावी लागली. नजर राहिली.

गाडी शहराबाहेर पडली. त्याने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता… टोचतंय का, डॉक्टरांनी विचारले होते. तरुण डॉक्टर, हातात सुई. मान पलीकडे वळवा आणि टोचलं की सांगा. त्याने मान वळवली आणि भिंतीवरच्या काचेच्या कपाटात पाहिले; तिथे डॉक्टरांचा हात स्पष्ट दिसत होता. सुई टेकली की तो 'हो' म्हणे. बोटांना काहीच कळत नव्हते. पण डॉक्टर हुशार निघाले. त्यांनी दोन वेळा सुई नुसतीच हवेत धरली, आणि तो दोन्ही वेळा 'हो' म्हणाला. मग डॉक्टरांनी शांतपणे सुई खाली ठेवली. मानेपाशी नस दबते आहे, पकड आणखी कमी होईल, जपून राहा. शिडीबिडी चढता का? "छे, या वयात कसली शिडी," तो म्हणाला होता. आणि ते खोटे नव्हते. शिडी तो खरोखरच चढत नव्हता.

पायथ्याशी गाडी लावून ते निघाले. वाट आधी खुरट्या झुडपांतून जाई, मग दगडधोंड्यांतून, आणि शेवटी माथ्याखालच्या उघड्या कातळाला जाऊन भिडे. पूर्वी ही चौकडी असल्या सोप्या माथ्याकडे ढुंकूनही पाहत नसे. पण गेल्या काही खेपांपासून बाईंचा गुडघा धरला होता, म्हणून पुन्हा पुन्हा इथेच यायचे ठरे.

"माझ्या गुडघ्यापायी तुम्हाला म्हातारं व्हावं लागतंय," बाई म्हणाल्या.

"तुमचा गुडघा नसता तर माझं पोट होतंच," कंपाउंडर म्हणाला. "काहीतरी लागतंच आडवं यायला."

तो मागून नुसता हसला. त्या गुडघ्याचे त्याने मनातल्या मनात किती आभार मानले होते! दुसऱ्याच्या दुखण्याने आपल्याला हायसे वाटावे… लाज वाटण्यासारखीच गोष्ट; पण तिथवर पोचायला त्याला वेळ होत नसे, कारण त्याआधीच तो खूश होऊन बसलेला असे.

नेहमीप्रमाणे तो सर्वांत मागे होता. ही जागा त्यानेच मागून घेतली होती, तीस वर्षांपूर्वी. शेवटच्या माणसाने मागे काही राहिले नाही ना ते पाहायचे असते. कातळात अडकवलेली कडी सोडवून आणायची असते. आणि तो स्वतः निसटला तर वरच्या दोराशिवाय त्याला सावरायला कुणी नसते. अशी जागा बेफिकीर माणसाला देता येत नाही. त्यामुळे तीस वर्षे त्याने आपल्या मित्रांचे तळवेच अधिक पाहिले. लंबूचे बूट बाहेरून झिजतात, बाईंचे टाचेला, कंपाउंडरचे सर्वत्र. कधीतरी वळून या तिघांनी आपल्याकडे पाहावे असे त्याला वाटे. पण चढताना मागे वळून पाहायचे नाही, हाही त्याचाच नियम.

झुडपे संपली तिथे वारा सुटला आणि कंपाउंडरची टोपी उडाली. टोपी एका धोंड्यावरून दुसऱ्यावर टप्पे घेत उताराकडे निघाली, आणि कुणी काही म्हणायच्या आत बाई तिच्यामागे धावल्या — एका धोंड्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, शाळा सुटलेल्या मुलीसारख्या — आणि शेवटची झेप तर अशी की पट्टा बांधलेल्या पायावर त्यांनी सगळा भार घेतला, खाली वाकून टोपी उचलली आणि विजयाने हात वर केला.

मग त्यांचे लक्ष त्याच्याकडे गेले.

हात खाली आला. बाई सावकाश परत फिरल्या, चेहरा किंचित वाकडा करून, लंगडत. डाव्या पायाने.

त्याने पाहिले. न पाहणे त्याला जमलेच नसते. अशा गोष्टी शोधण्यासाठीच त्याला आयुष्यभर पगार मिळाला होता. पट्टा उजव्या गुडघ्याला, लंगडणे डाव्या पायात… तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला, जी सुटली नव्हती. वर कंपाउंडर बाईंना हळू आवाजात काहीतरी म्हणाला. बाई म्हणाल्या, "गप्प बसा हो."

मग गुडघ्याचे प्रकरण खोटे. पण का? सोप्या माथ्यावर यायचे होते तर तसे म्हणता आले असते. सगळेच सत्तरीला टेकलेले. कुणासाठी… आणि इथे त्याचे मन, एखादा माणूस आपल्याच दारापाशी येऊन पुढे निघून जावा तसे, पुढे निघून गेले. ऊन चढत होते. पाणी प्यायला हवे होते. तो पाणी प्याला.

कातळाखालच्या सपाटीवर लंबूने दोर काढला. इथे एक उभी फट होती, दुमजली घराएवढ्या उंचीची, आणि तिच्या वर कातळ थोडा बाहेर झुकलेला. त्यामुळे वरचा माणूस खालच्याला दिसत नाही, आणि वारा शब्द गिळून टाकतो. म्हणून बोलणे दोरातूनच. एक हिसका — पोचलो. दोन — ढील द्या. तीन — जादा दोर वर घ्या. याहून अधिक काही त्या जागी बोलायचे नसते.

एकेकाला वर घ्यायचे आणि दोर परत खाली सोडायचा, अशी पद्धत. पण निघण्याआधी एक रीत होती. ज्याने त्याने कमरेच्या आखूड दोराची गाठ आपली आपण बांधायची आणि शेजारच्याने ती तपासायची. भाग बनवणाऱ्या कामगाराने तो स्वतः पास करायचा नसतो, ही कारखान्यातली शिस्त त्याने इथे आणली होती. तपासणाऱ्याने कमरेच्या गाठीवरून अंगठा फिरवायचा, दोर ओढून पाहायचा, आणि ठीक असेल तर खांद्यावर एक थाप मारायची. शब्द नाही, थाप.

या थापेबद्दल तो कुणाला काय सांगणार होता? महिनाभरात त्याच्या अंगाला कोण हात लावते — न्हावी. आणि गेल्या आठवड्यात तो सुईवाला डॉक्टर. मुलगी परदेशी, ती पडद्यावरून हात हलवते. बायको होती तेव्हा स्पर्श ही काही मोजायची वस्तू नव्हती. चहा देताना बोट लागे, झोपेत पाय लागे, "सरका जरा" म्हणून कोपर लागे. हवेची किंमत कुणी करते का… आणि मग एके दिवशी घरात कुणीच सरका म्हणणारे उरले नाही, आणि पलंगाच्या मधोमध झोपायची मुभा मिळूनही तो आपल्याच कडेला आखडून झोपत राहिला. महिन्यातून एकदा, या सपाटीवर, कंपाउंडरचा जाडजूड पंजा खांद्यावर पडे. त्या दोन तासांच्या वाटेला, कातळाला, उन्हाला तो खरे म्हणजे या एका थापेसाठी येत होता काय? असे तो म्हणाला नसता. पण ती नसती तर आला असता, असेही नाही.

आणखी एक नियम होता. तोही त्याचाच. शरीरात काही बिघाड झाला तर ज्याचे त्याने सांगायचे. दुसऱ्याने विचारायचे नाही, कारण आतले ज्याचे त्यालाच कळते. आणि सांगितले की त्याने दोरावरून कायमचे उतरायचे. हुज्जत नाही, गयावया नाही. तिघांनी मान डोलावली होती. तेव्हा सगळ्यांचे केस काळे होते, आणि मान डोलवायला काही मोल पडत नव्हते.

लंबू वर गेला, मग बाई गेल्या — गुडघा वाटेत कुठेतरी विसरून. कंपाउंडरची पाळी आली. तो स्वतःची गाठ बांधण्याआधी याच्यासमोर उभा राहिला.

"तुझी आधी बघतो. कमरेचं तेवढं बांधून ठेव."

त्याने गाठ बांधली. शेवटचे टोक ओवताना ते दोनदा निसटले. तिसऱ्या वेळी त्याने अंग वळवून, पाठमोरा होऊन ते ओवले. कंपाउंडरने तेवढा वेळ आभाळाकडे पाहिले. मग अंगठा गाठीवरून फिरवला, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"दोनदा? संशय आला काय?"

"चष्मा बदललाय रे. नवीन नंबर. गाठ दोन-दोन दिसते." आणि थाप पडली, पण पडून लगेच उठली नाही. पंजा खांद्यावर तसाच राहिला, जरा अधिक वेळ, जरा अधिक जड. "सावकाश ये. घाई नाही कुणाला."

कंपाउंडर धापा टाकत, कातळाला शिव्या देत वर दिसेनासा झाला. दोर पुन्हा खाली आला. सपाटीवर आता तो एकटाच होता. ही मिनिटे नेहमीच अशी असत — सगळे वर, आपण खाली, मधे दगड. एरवी त्याला त्यांत एक मान वाटे: सगळ्यांना मार्गी लावून उरलेला माणूस. आज फक्त उरलेला एवढेच वाटले.

त्याने दोर कमरेच्या गाठीला जोडला, खालची कडी सोडवली, तीन हिसके दिले आणि फटीत शिरला.

उजवा हात ठीक. पाय ठीक, खाचा पाठ होत्या. डावा हात त्याने ओळखीच्या कपारीत घातला आणि बोटे वाकवली — वाकली असावीत. पकडले आहे का? मान वळवून पाहिले, पकडले होते. भार टाकला. पुन्हा तेच: घाला, वाकवा, पाहा, टाका. पण वर जाता जाता फट अरुंद झाली, आणि डावा हात जिथे घालायचा ती कपार डोक्याच्या मागे गेली; तिथे पाहता येत नव्हते. काचेचे कपाट इथे नव्हते. त्याने हात घातला आणि बोटांना विचारले. बोटे म्हणाली, हो. ती डॉक्टरांनाही हो म्हणाली होती.

तो थांबला. आणि थांबल्यावर त्याच्या ध्यानात आले, की दोराला पोट नाही.

वरून येणाऱ्या दोराला थोडे पोट हवे — वीतभर झोल. दोर माणसाला चढवण्यासाठी नसतो. पडला तर धरण्यासाठी असतो. चढणाऱ्याचे वजन चढणाऱ्याच्या हातापायांवर, एवढे पाळले नाही तर तो चढला असे म्हणायचेच नाही. सामान वर ओढले असे म्हणायचे. हे त्याने लंबूला किती वेळा बजावले असेल! आणि आज दोर कमरेपासून वर सरळ गेला होता, पट्टीने ओढलेल्या रेघेसारखा. लंबूचे लक्ष नसावे. त्याने दोन हिसके दिले — ढील द्या.

ढील आली. पोट दिसले. तो एक पाऊल वर सरकला, आणि पोट हळूहळू, कुणाच्या नकळत काढून घ्यावे तसे, नाहीसे झाले.

पुन्हा दोन हिसके. पुन्हा ढील. पुन्हा ताठ.

लंबू एकदाच मोजतो. लंबूचे लक्ष नसते असे होत नाही.

तेव्हा मघाशी दारावरून पुढे गेलेले मन परत फिरले आणि दार ठोठावू लागले. गेल्या खेपेलाही दोर असाच होता, त्याच्या आधीही. तेव्हा आपण चांगले चढलो म्हणून मनातून किती फुशारलो… 'आज मी शेवटी येतो' असे कंपाउंडर मधेच एकदा म्हणाला होता. पाण्याची बाटली बाई हल्ली झाकण सैल करून पुढे करतात. सोपा माथा, तपकिरी पट्टा, नवा चष्मा. सगळे मापात बसत होते. इतके महिने ही माणसे त्याच्या पाठीमागे त्याच्याच नियमाला वळसा घालत होती. विचारायचे नाही म्हणून विचारत नव्हती, आणि न विचारता त्याला ओढून वर घेत होती.

पहिल्यांदा राग आला. इतका, की उजव्या हातानेच सगळा भार घेऊन तो दोन खाचा वर गेला. सदोष भाग कामगाराच्या तोंडाकडे पाहून पास करायचा? असला तपासनीस त्याने आपल्या विभागात एक दिवस ठेवला नसता. मग राग ओसरला. आणि त्याखाली काही निराळेच निघाले, ज्याला नाव देता येईना. कपारीत घातलेला डावा हात खरोखरच सुटला होता — हे त्याला हात छातीशी येऊन आपटला तेव्हा कळले — आणि तो पडला नव्हता. लटकलाही नव्हता. दोराने त्याला इतक्या आधीपासून धरले होते, की पडण्याला सुरुवातच झाली नाही.

माथ्यावर चौघे दगडाला पाठ लावून बसले. फ्लास्कमधला चहा, पाव, उकडलेली अंडी. दूरवर शहर धुळीत बुडालेले. बाईंनी संत्रे सोलले आणि त्याच्यासमोर फोडी करून ठेवल्या; इतरांची संत्री तशीच, सालीसकट.

"पुढच्या महिन्यात पलीकडच्या सुळक्यावर जाऊ या का?" कंपाउंडर म्हणाला, आणि लगेच, पाय कुणाच्या तरी पायावर पडावा तसा, गप्प झाला.

"बाईंचा गुडघा आहे ना," लंबू म्हणाला.

"हो ना. माझा मेला गुडघा."

"कोणता?" त्याने विचारले.

बाईंनी आपल्या दोन्ही पायांकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्यांच्या डोळ्यांत वर्गात चोरी पकडली गेलेल्या मुलाचे काहीतरी होते. आणि त्याहून अधिक असे, की कृपा करून पुढचे विचारू नका.

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "वयाला काय, डावं-उजवं असतं का?"

कंपाउंडर गरजेपेक्षा मोठ्याने हसला. आता सांगावे. एवढी मोकळी जागा पुन्हा मिळायची नाही. वाक्य तयार होते, आठवडाभर घासून गुळगुळीत केलेले: माझ्या डाव्या हाताचे काही खरे नाही, मी आता येणार नाही. पुढे काय होईल, तेही दिसत होते. तिघे एकदम म्हणतील, अरे, असं कसं, घरी येत जाऊ, येतीलही, एकदा, दोनदा, खुर्च्यांवर बसतील, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाची गाठ कुणी तपासत नाही.

"मला…" तो म्हणाला.

तिघांनीही एकदम माना वळवल्या. इतक्या एकदम, की ते या शब्दाची केव्हापासून वाट पाहत असावेत. आणि तो शब्द यावा असे तिघांपैकी एकाच्याही तोंडावर दिसत नव्हते.

"काय रे?" लंबू म्हणाला.

"मला आणखी एक फोड द्या."

बाईंनी उरलेले सगळे संत्रे त्याच्या पुढ्यात सरकवले.

उतरताना क्रम उलटा. शेवटी आलेला पहिला उतरतो. कंपाउंडरने गाठ पाहिली, थाप मारली. लंबूने दोर पाठीवरून घेऊन पाय रोवले. आणि तो कड्यावरून मागे पाऊल टाकत फटीत उतरला. तिघांचे चेहरे वरून त्याच्याकडे पाहत होते — हे मात्र उतरतानाच मिळते — आणि मग झुकलेला कातळ मधे आला.

दोराला पोट नव्हते. दोन हिसके द्यायला त्याचा हात गेला, आणि दोरावरच थांबला. मग त्याने असे काही केले, जे तीस वर्षांत कुणाला करू दिले नव्हते: गुडघे सैल सोडले, आणि अंगाचा भार, आधी थोडा, मग सगळा, दोरावर टाकला. वर काहीही हलले नाही. कुणी कुरकुरले नाही. इंचाइंचाने तो खाली येत राहिला, आणि डोळे का भरून येताहेत हे त्याला ठरवता येईना — हा आधार होता, की हातावर ठेवून दिलेला निरोप.

पाय सपाटीला लागले.

आता एक हिसका. पोचलो. मग वर दोर सोडतील, इथे गाठ सुटेल, दोर वर निघून जाईल. त्याने उजवा हात दोरावर ठेवला; डावाही ठेवला. दोन बोटे गप्पच होती. बाकीच्यांना दोरातून एक बारीक थरथर लागत होती. लंबूच्या श्वासाची असेल, वाऱ्याचीही असेल. आजवर त्याला वाटत होते, कुणाला ठाऊक नाही म्हणून आपण एकटे आहोत. आता सगळ्यांना ठाऊक होते, आणि एकटेपण होतेच. मात्र ते आता घरातल्या हवेसारखे सगळीकडून वेढून नव्हते. ते या ताठ दोरावर होते, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पाय रोवून उभे होते, तेही काही न बोलता.

"गेज!" वरून लंबूची हाक आली, वाऱ्याने अर्धी खाल्लेली. "पोचलास का रे?"

"माझी दोन बोटं गेली आहेत," तो म्हणाला. मोठ्याने नाही; शेजारी बसलेल्या माणसाला सांगावे तसे.

"काय? ऐकू येत नाही!"

पुन्हा म्हणायला हवे होते, किंवा हिसका द्यायला. त्याने छातीत श्वास भरून घेतला आणि तसाच धरून ठेवला. जोवर तो काही कळवत नव्हता, तोवर वर कुणीही हात सोडणार नव्हते. आणि तो दोन्ही हात दोरावर ठेवून, वर पाहत, आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला.